मास्तरांचा पोटखिसा

"शिष्टर, तुमच्याकडं फराळाचं काय हाय का?"

पाडव्याच्या सकाळी मास्तर दारात उभे राहून हे विचारायला लागले आणि मी ओशाळले. उपकेंद्रावर नर्स म्हणून येऊन मला काही महिनेच झाले होते. सणासुदीचं माणूस दारात आलंय आणि घरात बघावं तर कालची भाकरी आणि लसणाची चटणी. म्हटलं, "नाही ओ मास्तर. आम्ही बौद्ध. आमच्यात दिवाळी करत नाहीत."

"न्हाई म्हंजी? लाडू न्हाई?"

"नाही."

"शंकरपाळं?"

"नाही."

"शेव तरी असंल?"

"काहीच नाही ओ."

मास्तरांचा चेहरा एकदम उजळला. चपला काढून ते आत आले, भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "मग जरा इसावा घिऊ द्या. कोरा चहा करा. बिगर साखरंचा."

आमच्या घरी न येण्याची कारणं मी लहानपणापासून ऐकत आले होते. दौंडकडं राहू गावात माझं माहेर. तिथं कुणाला घाई असायची, कुणाचा उपास असायचा, कुणी नेमका आत्ताच चहा घेऊन आलेला असायचा. पण घरी यायचं कारण म्हणून 'तुमच्याकडं लाडू नसतो' हे मी पहिल्यांदाच ऐकलं. रागवावं का हसावं ते ठरेना, म्हणून चहा ठेवला. पुढं मी त्या गावात होते तोवर दर दिवाळीला हा माणूस माझ्या घरी येऊन बसायचा.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलर. पाराशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं मशीन होतं. गळ्यात टेप, कानावर खडू, आणि अंगानं असे की सदरा त्यांनी घातलाय का दोरीवर वाळत टाकलाय ते लांबून कळायचं नाही. वय साठीला टेकलेलं. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं बघायचे नाहीत, कमरेकडं बघायचे. दिवाळीआधी ब्लाउज शिवायला घेतले की प्रत्येकीच्या शिवणीत जास्तीची माया सोडायचे, म्हणजे पुढं उसवून सैल करता यावं. एखादी म्हणालीच की मास्तर, एवढी कशाला सोडताय, तर म्हणायचे, "दिवाळी चार दिसांची, घेर वर्साचा. तुळशीचं लगीन झालं की येशीलच." आणि ती यायचीच. शिव्या देत यायची, पण यायची.

स्वतःबद्दल कुणी काही बोललं की त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. "सुई बारीक हाय म्हून कापडात शिरती. तिनं लाडू खाल्लं असतं तर दाभण झाली असती."

ह्या सगळ्याच्या मुळाशी एक घोडी होती. कवठे येमाईच्या त्या अंगाला बैलगाड्यांच्या शर्यतीचं वेड किती आहे, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही. मलाही आधी पटलं नव्हतं. जत्रेत घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या वाटेच्या, चढाला गाडा सुटतो तेव्हा बैलांच्या पुढं एक घोडी पळते आणि तिच्यावर माणूस असतो. तिच्या मागं बैल जीव खाऊन धावतात. वरचा माणूस जड असला की घोडी मंदावते, आणि घोडी मंदावली की गाड्याची धाव, म्हणजे बारी, हातची गेली. आमच्या गावात आबांचा गाडा नावाजलेला होता. आबा म्हणजे मोठे बागाईतदार, सोसायटीवर कायम निवडून येणारं घर. त्यांच्या घोडीचं नाव चिमणी. चिमणीवर बसायचा मान मास्तरांचा होता, आणि चिमणीच्या आधी जी घोडी होती तिच्यावरही मास्तरच बसायचे.

मधली काही वर्षं कोर्टानं शर्यती बंद ठेवल्या होत्या. घाटात गुडघ्याएवढं गवत वाढलं होतं म्हणे. तेव्हाही मास्तरांनी दिवाळीत लाडूला तोंड लावलं नव्हतं. "मास्तर, शर्यतच न्हाई तर वज्जनाचं काय घिऊन बसलाय," असं कुणी म्हटलं, तर म्हणायचे, "कोर्टाचं काय सांगावं. उद्या सकाळी उठवंल बंदी. मी काय तवा पोट घिऊन पळू व्हय?"

आबांनी एक रीत पाडलेली होती. चंपाषष्ठीला त्यांच्या खळ्यावर मोठा जुना तराजू टांगायचा. एका पारड्यात कांद्याची भरलेली गोणी, दुसऱ्या पारड्यात मास्तर. गोणी भुईला टेकली आणि मास्तर वर गेले की त्या सालची घोडी मास्तरांची. आबा त्यांच्या कपाळाला भंडारा लावायचे आणि मग भरीत-रोडग्याच्या पंगती उठायच्या. आता दसऱ्यापासून चंपाषष्ठीपर्यंत खेड्यात काय काय असतं ते तुम्हीच आठवा. दिवाळी, भाऊबीज, तुळशीची लग्नं, आणि ती झाली की माणसांची लग्नं. सगळं गाव खाऊन खाऊन फुगायचं, आणि त्याच्या शेवटी ह्या एका माणसानं कांद्याच्या गोणीपेक्षा हलकं निघायचं.

त्यात आबांचा पुतण्या टपून बसलेला. तिशीतला, सडपातळ, शिरूरला जिमला जाणारा. उघड काही बोलायचा नाही. चंपाषष्ठीला तराजूजवळ येऊन सगळ्यात आधी उभा राहायचा, एवढंच.

मी एकदा चिडून म्हटलंही होतं, "मास्तर, वय झालं. घाटात पडलात तर हाडं गोळा करायला मलाच यावं लागेल. सोडा की आता त्या पोराला."

ते चहाच्या कपात बघत म्हणाले, "शिष्टर, आयुष्य गेलं माझं लोकांच्या कमरंपाशी वाकून. माप घ्यायचं म्हंजी वाकायचंच. वर्सातून येकदा घोडीव बसतो, तवा गाव मान वर करून माझ्याकडं बघतंय. तेवढं ऱ्हाऊ द्या मला."

मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. 

तर दिवाळी लागली की रोज सकाळी मास्तर उपकेंद्राच्या वजनकाट्यावर उभं राहायला यायचे. चढण्याआधी चपला काढायच्या, टोपी काढायची, गळ्यातला टेप काढायचा, कानावरचा खडूसुद्धा माझ्या टेबलावर ठेवायचा. एकदा चष्माही काढून ठेवला आणि मग त्यांना काटाच दिसेना. मला म्हणाले, "तुमीच वाचा शिष्टर. पर जरा बेतानं वाचा."

खरी पंचाईत होती ती घरोघरच्या आमंत्रणांची. फराळाला नाही म्हणणं म्हणजे आमच्याकडं भांडण उकरून काढणं. "व्हय, आमच्या हातचं कशाला चालंल तुमाला," इथपासून सुरुवात होते ती थेट मागच्या पिढीच्या मानपानापर्यंत जाते. सगळ्या गावाचे कपडे मास्तरांकडं, त्यामुळं सगळ्या गावाचं ताट मास्तरांसाठी. आधी काही वर्षं त्यांनी उपास सांगितला. पण भाऊबिजेला कसला आलाय उपास. मग त्यांची दाढ दुखायला लागली, गालात कापूस कोंबून हिंडायला लागले. त्यावर त्यांची बायको, आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो, सगळ्यांदेखत म्हणाली, "ह्यांची दाढ बी कॅलेंडर बघून दुखती." झालं, दाढ बाद.

तेव्हा मास्तरांनी पोटखिसा शिवला. सदऱ्याच्या आतल्या बाजूनं, बरोबर पोटावर, प्लास्टिकचं अस्तर लावलेला, चांगला पिशवीएवढा. त्याचं तोंड छातीपाशी. वरची बटणं उघडी ठेवली की हात सरळ आत जायचा. लाडू उचलायचा, तोंडापर्यंत न्यायचा, "वा, काय वळलाय," म्हणायचं, आणि घरची बाई पाणी आणायला वळली की लाडू खिशात. मला त्यांनी तो खिसा माझ्या ओट्यावर उभं राहून मोठ्या अभिमानानं दाखवला. काम देखणं होतं, खोटं कशाला बोलू.

"आणि मग हे सगळं जातं कुठं?" मी विचारलं.

"अन्न हाय, टाकतोय व्हय मी? लागतंय कुणाच्या तरी मुखी."

गोरगरिबाला देत असतील असं मी समजले आणि मनातल्या मनात त्यांचं कौतुकही केलं. कसलं डोंबलाचं कौतुक. इकडं बायका मात्र खूश झाल्या. मास्तर आताशा मनापासून खातात, मागून घेतात, पण अंगाला म्हणून लागत नाही, अशी त्यांची ख्याती झाली. एका आजीबाईंनी तर माझ्याकडं येऊन हळूच जंताची गोळी मागितली. म्हणाल्या, "त्या मास्तरला द्या. बिचारा एवढं खातोय आन् किडं खात्यात समदं."

ज्या सालची गोष्ट सांगते, त्या साली तुळशीची लग्नं उरकली आणि एका सकाळी आबांचा निरोप आला, शिष्टरला लगेच पाठवा. मी बॅग घेऊन धावत गेले. वाटलं सूनबाईंचं काहीतरी असेल. तर आबा गोठ्यात उभे. म्हणाले, "चिमणीला जरा बघा. मला वाटतं दिस गेल्यात."

"आबा, मी बायकांची नर्स आहे."

"बाईच हाय की ती."

मी बघितलं. चिमणीचं पोट दोन्ही अंगांनी बाहेर आलं होतं, मान जाड झाली होती, आणि ती एका जागी अवघडून उभी होती. आबांना आनंद व्हावा का संशय यावा ते समजत नव्हतं. "आमी तर कुठं घोड्याला दावली न्हाई," असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी म्हटलं, जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा, माझं काम नाही हे.

शिरूरहून डॉक्टर आले. तरुण, कमी बोलणारे. त्यांनी चिमणीचं पोट बघितलं, पुढचा पाय उचलून खुराला हात लावला आणि बराच वेळ लावून ठेवला. मग म्हणाले, "गाभण वगैरे काही नाही. हिला कुणीतरी रोज गोडधोड चारतंय. मैदा, साखर, तूप. घोड्याला हे झेपत नाही, खुरात उतरतं. हात लावून बघा, खूर गरम आहेत. आधी पूर्ण आराम, मग हळूहळू चालवायचं. पळवायचं नाव काढू नका."

"जत्रंला?" आबांनी विचारलं.

"ह्या जत्रेला नाही. आणि हे खाणं थांबलं नाही, तर कुठल्याच जत्रेला नाही."

गोठ्यावर बिहारकडचा एक गडी होता, बायकोला घेऊन तिथंच राहायचा. आबांनी त्याच्याकडं बघितलं. तो हात जोडून म्हणाला, "मालिक, चना और घास छोड़ के कुछ नहीं दिया." आबांचा विश्वास बसला नाही. म्हणाले, "चंपाषष्ठीची गडबड हाय म्हून ठिवतो. ती झाली की तुझ्या गावाची वाट धर." त्याची बायको दाराआड उभी राहून ऐकत होती. मी मान वळवली, तर गव्हाणीच्या कोपऱ्यात चकलीचा तुकडा पडलेला. तो प्लास्टिकचं अस्तर लावलेला खिसा माझ्या डोळ्यांपुढं आला आणि माझं डोकं फिरलं.

तशीच पाराकडं गेले. मास्तर मशीन चालवत होते.

"मास्तर, ते लाडू कुणाच्या मुखी लागतात?"

पाय थांबले. त्यांनी इकडंतिकडं बघितलं. "सांजच्याला गडी चाऱ्याला गेला की जातो तिच्याकडं. खिसा मोकळा करतो. लई आवडीनं खाती शिष्टर. करंजीचं सारण आधी चाटती, मग करंजी. मला लांबून बघितलं की खिंकाळती."

"तिचे खूर गरम झालेत. उभं राहवत नाही तिला." डॉक्टर बोलले ते सगळं मी सांगितलं, आणि रागाच्या भरात वर हेही सांगितलं की तुम्ही हलके राहिलात मास्तर, पण सगळं वजन त्या मुक्या जनावराच्या अंगावर घातलंत.

मास्तर पांढरेफटक पडले. कापड हातातच राहिलं. "मला काय ठावं," ते म्हणाले. "मला वाटलं, सण हाय, तिचं बी तोंड गोड हुईल."

"आबा त्या गड्याला काढतायत. जाऊन सांगा त्यांना."

"सांगितलं तर घोडी गेली माझी. पुतण्या येकदा वर बसला की उतरायचा न्हाई."

"आणि नाही सांगितलं तर त्या दोघांचं पोट गेलं."

त्यांनी हातातलं कापड खाली ठेवलं. मी म्हटलं, मी आबांना सांगायची नाही, तुमचं तुम्ही सांगा. आणि निघून आले. रस्त्यानं येताना मलाच वाईट वाटत होतं.

तो आठवडा मास्तर काट्यावर आले नाहीत. शेड अर्धा दिवस बंद असायची. चिमणीच्या पायांशी बसून तिच्या खुरांना ओल्या गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळायचे, वाळल्या की पुन्हा भिजवायचे. आबा येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवायचे. "बघा, जीव कसा आसतो. चिमणी न्हाई तर न्हाई, पलीकडच्या गावातनं दुसरी घोडी ठरवलीय मी. पर वर बसणार मास्तरच." हे मास्तरांच्या देखत चालायचं. ते खाली मान घालून पट्टी बांधत बसायचे. मला तर तिकडं फिरकवेना.

चंपाषष्ठी आली. खळ्यावर तराजू टांगला. गाव जमलं, पुतण्या येऊन उभा राहिला, मीही गेले. गोणी ठेवली. मास्तर टेप, टोपी, चष्मा काढून पारड्यात बसले. आठवडाभर काळजीनं अन्न गेलं नव्हतं, त्यामुळं पारडं असं झर्रकन वर गेलं की लोक हसायला लागले. आबांनी भंडाऱ्याची वाटी घेतली आणि पुढं आले.

"आबा, थांबा," मास्तर वरून म्हणाले. "टिळा नगा लावू."

"का रं? उतर, मग लावतो."

"उतरलो की मला धीर व्हायचा न्हाई. हितंच बोलतो." त्यांनी सदऱ्याची बटणं सोडली आणि तो खिसा उलटा करून सगळ्यांना दाखवला. शेवेचा भुगा, साखर, बेसनाचे कण खाली सांडले. "चिमणीला म्या चारलं. समद्या गावाचा फराळ. मला खायचा नव्हता, टाकवत नव्हता, म्हून तिला घातला. त्या गड्याचा काय बी दोष न्हाई."

मग मागून एका बाईचा आवाज आला, "म्हंजी माझ्या अनारशाला तुमी वा वा केलं, ते?"

"घोडीनं खाल्लं, वैनी," मास्तर म्हणाले.

लोक फसकन हसले. आबा हसले नाहीत. "उतर खाली," म्हणाले. मास्तर उतरले. आबांनी भंडारा पुतण्याच्या कपाळाला लावला. गड्याकडं वळून म्हणाले, "तू ऱ्हा." मास्तरांकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मास्तरांनी टोपी घेतली, टेप घेतला आणि गर्दीतून निघून गेले. चष्मा तिथंच राहिला होता, तो मी उचलला.

पंगतीला मी थांबले नाही. घरी आले तर मास्तर ओट्यावर बसलेले. मी चष्मा दिला. तो त्यांनी डोळ्यांना लावला आणि विचारलं, "शिष्टर, जेवायला काय हाय?"

इतक्या वर्षांत माझ्या घरी त्यांनी कोऱ्या चहापलीकडं काही घेतलं नव्हतं. त्यामागं लाडवाची भीती आहे का दुसरंच काही, असं कधीतरी माझ्याही मनात येऊन गेलं होतं. मी मेथीची भाजी, ठेचा आणि बाजरीच्या भाकरी वाढल्या. मास्तर मांडी घालून बसले आणि जेवायला लागले. काय जेवला तो माणूस. भाजी संपली तशी ठेच्याबरोबर खाल्लं, ठेचा संपला तशी दुधात भाकरी कुस्करली. मी तव्यावर टाकत होते आणि ते खात होते. मध्येच डोळ्यांना पाणी आलं.

"ठेचा तिखट हाय," म्हणाले.

ठेचा कधीच संपला होता.

"लई वर्सांची भूक हाय शिष्टर," ते म्हणाले, आणि पुन्हा ताटात बघायला लागले. मी परातीत आणखी पीठ घेतलं.

त्यानंतर मास्तर खायला लागले. त्या लग्नसराईत एकही पंगत सोडली नाही. ज्या बायकांचे लाडू घोडीनं खाल्ले होते, त्यांनी तर सूडच उगवला. समोर ताट ठेवायचं, समोरच बसायचं, आणि घास गिळून तोंड उघडून दाखवल्याशिवाय उठायचं नाही. मास्तर बिचारे आ करून दाखवायचे. हळूहळू त्यांना छोटंसं गोल पोट आलं. सदऱ्यातला खिसा वहिनींनी स्वतःच्या हातानं उसवून चुलीत घातला. गावात त्यांना फराळे मास्तर म्हणायला लागले, त्याचंही त्यांना काही वाटेना. फक्त जाता येता घाटाच्या रस्त्यानं कधी जायचे नाहीत, लांबचा वळसा घ्यायचे. ते बघून मला वाईट वाटायचं, आणि एकदा तसं मी बोलूनही दाखवलं. म्हणाले, "हुईल सवय."

सकाळ-संध्याकाळ मात्र ते चिमणीला चालवायला न्यायचे. आधी नुसतं गोठ्यापुढं, मग शेताच्या बांधानं, मग ओढ्यापर्यंत. आबांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं, पण घोडी न्यायला अडवलं नाही. सकाळी बाळंतिणींच्या भेटीला निघाले की मला ती दोघं वाटेत दिसायची. तिचं पोट उतरत चाललेलं, ह्यांचं वाढत चाललेलं. मी थट्टा केली, तर म्हणाले, "कुणाच्या तरी अंगावर जाणारच की ते. माझ्या गेलेलं बरं."

चैत्रात जत्रा आली. आबांचा गाडा पळाला, ठरवून आणलेल्या घोडीवर पुतण्या होता. बारी वाईट झाली नाही, बरी झाली. मास्तर घाटात आले नव्हते. संध्याकाळी गावातून मिरवणूक निघायची होती. पुढं हलगी, मग आबांची घोडी, मागं बैल. गड्यानं चिमणीला धुऊन, झूल घालून आणलं. पोट पार गेलं होतं, पाय मोकळे टाकत होती. तिच्या मागोमाग मास्तर आले. लगाम धरायला म्हणून आले होते, वर बसायला नव्हे. पुतण्या पुढं झाला आणि झुलीवर हात ठेवला.

"थांब," आबा म्हणाले. मग किती महिन्यांनी ते मास्तरांकडं बघून बोलले. "मास्तर, बस. नुसतं चालायचं हाय, मिरवणुकीपुरतं. डाक्टरला इचारलंय मी."

हलगी थांबली. मास्तरांनी चिमणीच्या पाठीकडं बघितलं. त्या पाठीवर बसण्यासाठी ह्या माणसानं किती दिवाळ्या उपाशी काढल्या होत्या, ते मला माहीत होतं. मी मनात म्हणत होते, बसा ओ मास्तर, बसा एकदाचे. ते पुढं झाले, खाली बसले आणि तिच्या खुराला तळहात लावून बघितला. मग उठले.

"नगं आबा," ते म्हणाले. "आता माझं वज्जन गोणीच्या वर गेलंय. तिच्या अंगाव आता मी नगं."

आबांनी त्यांच्याकडं बघितलं. मग पुतण्याला हातानंच मागं केलं. "आज कुणीच बसायचं न्हाई," म्हणाले आणि हलगीवाल्याला खूण केली.

चिमणी मोकळ्या पाठीनं निघाली, लगाम मास्तरांच्या हातात. दारादारात बाया घोडीच्या पायांवर पाणी घालत होत्या, ओवाळत होत्या आणि मास्तरांच्या हातावर पुरणपोळी ठेवत होत्या. मास्तर चालता चालता खात होते. तूप कोपरापर्यंत ओघळत होतं. वास आला तशी चिमणीनं मान लांबवली आणि त्यांच्या हातात तोंड घालायला बघितलं. मास्तरांनी पोळीचा हात झटकन मागं घेतला आणि दुसऱ्या हातानं तिचं कपाळ चोळलं.

"तुला न्हाई, चिमणे," ते म्हणाले. "मी खातो. तुला पळायचं हाय."